बासरीखाली गेलेला आवाज

बायको गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. लेक माहेरी आली होती. तिनं तिचा व्हिडिओ कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आप्पा, हे लाल बटण दाबा अन् आईकडं धरा." सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर घातला मी. बटण दाबायला मला काय शिकवायचं? धरला कॅमेरा.

चित्र असं लख्ख आलं की हनुवटीवरचं गोंदण दिसायचं, त्यातला एक ठिपका फिका होता तोसुद्धा. बांगड्यांना चीक लागलेला. आणि तिचं बोलणं.

"आवो, माझं तोंड काय काढता? ठेवा ते खाली आन् सोऱ्या दाबा. हात गेले माझे."

मागून माझा आवाज, "दाबतो की. मरायला लागली का काय?"

"मेले तर कुरडया कोन घालील तुम्हाला?" म्हणून हसते. मग म्हणते, "झालं का? बंद करा की."

एवढंच. पुढच्या थंडीत गेली.

कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड लेकीनं माझ्याकडं दिलं. "हेच मूळ आहे आप्पा, सांभाळा." मी ते तिच्या कुंकवाच्या डबीत ठेवलं.

वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, तर मोठ्या टीव्हीवर लावू असं ठरलं. टीव्हीला कार्ड चालत नव्हतं, पेन ड्राइव्ह लागत होता. म्हणून कॉलनीतल्या स्टुडिओत गेलो. पोरगा नम्र होता. त्याला सांगितलं, "जसं हाय तसं दे. काही कमी व्हायला नको."

"कमी कशाला बाबा? एचडी आहे, अजून वाढवून देतो. एकदम सिनेमा."

कार्ड त्याच्या हातात ठेवलं. पूर्वी फोटोवाल्याकडं निगेटिव्ह द्यायचो आणि ती फोटोबरोबर परत यायची. तेच डोक्यात होतं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यानं पेन ड्राइव्ह दिला, कार्ड मागाहून देतो म्हणाला.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर टीव्ही लावला. आधी बासरी सुरू झाली. मग चारी बाजूंनी फुलं पडायला लागली. फुलांच्या मधे माझी बायको, गोरीपान, मैद्याच्या बाहुलीसारखी. हात हळूहळू हलत होते, तोंड हळूहळू हलत होतं. आवाज नव्हता. गोंदण नव्हतं. हनुवटी कोरी.

माझी बहीण डोळे पुसत म्हणाली, "बाई, वहिनी किती गोरी दिसती! देवीच जणू."

मी म्हटलं, "देवी नव्हती ती. सोऱ्या दाबा म्हणत होती."

कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. "आवाज कुठंय?"

"त्यात वारा लय होता बाबा, भांडी वाजत होती. काढून टाकला. चेहरा पण साफ केला. श्रद्धांजलीला सगळे असंच करून घेतात."

"माझं कार्ड दे."

दिलं. म्हणाला, चांदवडच्या लग्नाला कार्ड कमी पडलं तेव्हा हे वापरलं, आता पुसून रिकामं केलंय. "तुमचं पेन ड्राइव्हवर आहेच ना!"

शिवी तोंडात आली होती. पण मला खूश केलं असंच त्याला वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. शिवी गिळली आणि घरी आलो.

पुसलेलं परत काढून देणाऱ्या एका दुकानात लेक ते कार्ड घेऊन गेली. निघालं ते कोणाच्या तरी मुलीची हळद. बाया नाचतायत, नवरी लाजतेय. आमची गच्ची कुठंच नाही. नव्या शूटिंगच्या खाली गेलेलं वर येत नाही, असं दुकानदार मला पुन्हा पुन्हा समजावत होता. लेथवर लोखंड जास्त कापलं जाऊन एकदा माप खाली गेलं की तो तुकडा भंगारात जातो. मला काय समजावतो तो?

मग लेकीला आठवलं, तिनं तो व्हिडिओ मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो तिनं माझ्या फोनवर दिला. चित्राचे नुसते चौकोन झालेत, तोंड वाफेमागं असल्यासारखं. पण आवाज पुरा आहे. "हात गेले माझे," अगदी तसंच.

आता दुपारी घरात कोणी नसलं की मी टीव्हीची बासरी बंद करतो आणि फोन टीव्हीला टेकवून दोन्ही बरोबर सुरू करतो. "आवो" जमतं. पुढं जमत नाही. त्या पोरानं चित्र हळू केलंय. फोनमधली ती "सोऱ्या दाबा" म्हणून मोकळी होते, तोवर टीव्हीतल्या तोंडाचं पहिलं वाक्यसुद्धा झालेलं नसतं. फोन थांबवतो, तिची वाट बघतो, परत लावतो. परत चुकतं.

लेक म्हणते, "आप्पा, कोणाकडून तरी बसवून घेऊ."

नको. आता कोणाच्या हातात द्यायचं नाही.

फोनमधली हसते, म्हणते, "झालं का? बंद करा की." आणि फोन गप्प होतो. टीव्हीत ती अजून तोंड उघडते, मिटते, उघडते. ते थांबेपर्यंत मी समोर बसून राहतो.