टर्बोले नाही म्हणणारा मिस्त्री

बह्यऱ्या मिस्त्रीसंगं भांडता येत नसे. दोन्ही कान गेलेले. समोरच्याच्या तोंडाकडं पाहून तो बोलणं वळखे. म्हणून तुमचं म्हणणं पटलं नाही का तो डोळे मिटून घे. झालं, भांडण खलास. तुमी बसा बोंबलत. मी त्याच्यापुढं किती बोंबललो असन, ते माह्या गळ्यालेच ठाऊक. एकदा त्यानं डोळे उघडले तवा मी त्याच्या बाजूच्या म्हशीले समजावून राह्यलो होतो. ती मान तरी हालवत होती.

धरणाच्या कामावर बुलडोझर दुरुस्त करता करता त्याचे कान गेले होते. पण इंजन तो ऐके. दातानं ऐके! हातभर सागाची काठी होती त्याच्याजवळ. एक टोक चालत्या इंजनाले लावे, दुसरं दातात धरे, आन देवळात बसल्यासारखा थांबे. मंग म्हणे, "तिसऱ्या सिलिंडरचा वाल." खोललं का तिसऱ्याचाच वाल निघे. मले म्हणे, "तू बी ऐक." म्या काठी दातात धरली. मले आपल्याच दाढेची कळ ऐकू आली, दुसरं काही नाही.

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असन. माह्याजवळ एक म्हातारा डिझेल ट्रक होता. वाशीमच्या बागवानांचा भाजीपाला अकोल्याच्या हर्रासीले नेणं, हा माहा धंदा. मेडशीच्या पुढं घाट लागला का गाडी काळा धूर सोडून अशी कण्हे, का रस्त्यानं चाललेली बकरी आमाले मागं टाकून वरतं जाऊन वाट पाहे. आमी पोचलो का हर्रास संपलेली राहे. उरलेला भाव मिळे.

बागवानांची म्होरकी सरूमावशी. ती मालावर बसूनच अकोल्याले येई. तिचा माल ज्या गाडीत, साऱ्यांचा माल त्याच गाडीत. एक दिवस ती उतरली आन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काबे, तुह्या गाडीत माहा सांबार म्हातारा होऊन राह्यला." सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. "आमी अजून दोन बाजार पाह्यतो. हर्रासीच्या आधी पोचला तं पोचला, नाही तं सारा माल त्या दुसऱ्या ट्रकवर." तिचा माल गेला असता तर माह्या ट्रकात बसाले मी एकटाच उरलो असतो.

तेवढ्यात एका डायवरनं माह्या कानात टर्बोचं खूळ भरलं. म्हणे, मोठ्या मशिनीले शंखासारखा एक डबा राह्यते, तो लावला का इंजनात दुप्पट जोर येते. मी तसाच अकोल्याच्या भंगारवाल्याकडं गेलो. त्याच्याजवळ दोन होते. एक नारळाएवढा, एक कोहळ्याएवढा. आता मले इंजनातलं काय समजते? पण बैल घेता येते. मंग बैल पाह्यतो तसंच पाह्यलं. छाती कोणाची मोठी, वजन कोणाचं जास्त. आतल्या पंख्याची पाती दात मोजल्यासारखी मोजली. कोहळा घेतला, बदल्यात माही सायकल देली, आन डोक्यावर घेऊन आलो.

मिस्त्रीनं कोहळा पाह्यला. बोटानं पंखा फिरवला. म्हणे, "हा बुलडोझरचा. दुसरा होता का?"

"होता. लहान होता."

"कुठं हाये?"

"तिथंच."

त्यानं डोळे मिटले.

मी त्याचा खांदा हालवून हालवून उघडवले. मंग त्यानं सांगतलं. टर्बोत दोन पंखे राह्यते. एक धुराच्या जोरानं फिरते, आन त्याच दांडीवरचा दुसरा इंजनात हवा कोंबते. "तुह्या इंजनाचा धूर याले जागा बी नाही करनार. आन घाटात तं इंजन हळू फिरते. हे झोपून राहीन, आन त्याचं ओझं तू वाहशीन."

"मंग लहान आणतो."

"आधी हे पाह्य," म्हणून त्यानं इंजनाच्या बाजूचं मॅनिफोल्ड दाखवलं. चारही नळ्यांचा धूर गोळा करून सायलेन्सरात सोडते, ते. त्याले चीर गेली होती आन तोंड वाकडं झालं होतं. हवेच्या जाळीत तर इतकं कुटार, का गाईले दोन दिवस पुरलं असतं. "धूर निंगाले जागा नाही, हवा जाले जागा नाही. फुटक्या माठाले तोटी कायले बसवतं बे?"

मी म्हटलं, बरं, तुमचं खरं. मनात म्हटलं, हा मले बुडवते.

त्यानं जुन्या गाड्यांची तीन ओतीव मॅनिफोल्डं आणली. एकेकावर हातोडी टिचकवे आन काठी दातात धरून ऐके. दोन बाजूले सारली. म्हणे, "या दोन्हीच्या पोटात चीर हाये." तिसरं निवडलं. आता हे लावीन आन गाडी चालू करीन, असं मले वाटलं. त्यानं काय करावं? आरशाची जाड काच काढली, तिच्यावर शेंदूर फासला, मॅनिफोल्डचं तोंड काचेवर ठेवलं आन उचललं. जिथं उंच तिथं शेंदूर लागला. तेवढंच कानशीनं घासलं. पुन्हा काच, पुन्हा शेंदूर, पुन्हा कानस. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली हा शेंदूर. म्या इचारलं, "मिस्त्री, तुमच्या घरी शेंदूर काहून?"

म्हणे, "देवासाठी नाही, बिडासाठी हाये, या ओतीव लोखंडासाठी. बीड लबाड राह्यते. शेंदूर लावला का खरं सांगते."

एक दिवस घासलं. दोन दिवस घासलं. पहिला बाजार असाच बुडाला, गाडी मॅनिफोल्ड नसलेली उभी. सरूमावशीचा निरोप आला, "एक राह्यला." म्या मिस्त्रीले इचारलं, "आज होईन का?" त्यानं काचेवरचा एक लाल ठिपका दाखवला. तिळाएवढा! त्या तिळासाठी माहा धंदा चालला होता. मी ओरडलो, हात जोडले, टोपी आपटली. त्यानं डोळे मिटले, आन मिटल्या डोळ्यानंच घासत राह्यला.

मंग म्या जे केलं ते आमच्या खानदानात कोनी केलं नाही. मिस्त्री पाठमोरा घासून राह्यला होता. म्या शेजाऱ्याची बैलजोडी आणली, ट्रकले दोर बांधला आन माहीच गाडी चोरून नेली. चाकं करकरली, बैल हंबरले, कुत्रे भुंकले, सारी गल्ली हासाले लागली. मिस्त्री घासतच होता.

तिकडं गावातल्या वेल्डिंगवाल्यानं एका दिवसात पाइप जोडून मॅनिफोल्ड करून देलं. चांदीवानी चमके. त्यावर कोहळा बसवला. म्या म्हटलं, बुलडोझरचा धूर वरून निंगते, मंग आपलाबी वरूनच काढ. केबिनच्या मागून नळी वर काढली. पंख्याच्या दांडीले तेल देणारी नळी लावली. ते तेल परत खाली जाले बी वाट लागते, हे त्यालेबी माहीत नव्हतं आन मले तर काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या बाजाराले कोंबड्याच्या आरवण्यावर निंगालो. घाटात कोहळा झोपला तो झोपलाच. वरून तेल मात्र त्याच्या पोटात भरत गेलं आन धुरासंगं नळीतून बाहेर उडालं. अर्ध्या घाटात पाइप तडकला आन केबिनमधी धूरच धूर. खोकलत खोकलत अकोल्याले पोचलो तवा हर्रास उठून राह्यली होती. ताडपत्री काढली तं सरूमावशीच्या सांबारावर काळे थेंब. तिच्या लुगड्यावर बी.

अडत्यानं एक जुडी नाकाले लावली आन म्हणे, "बाई, याले फोडनी नका देऊ. काडी लावा."

  सरूमावशीनं जुड्या उकिरड्यावर टाकल्या आन दुसऱ्या ट्रकवाल्याजवळ जाऊन उभी राह्यली.

मी गाडी ओढत मिस्त्रीकडं आणली. वाटलं, आता हा डोळे मिटन. तो एकटक पाहात राह्यला. म्हणे, "बोल." म्या कोहळ्याकडं बोट केलं. त्यानं कोहळा उतरवला, ते घासलेलं मॅनिफोल्ड बसवलं, हवेची जाळी धुतली. म्हणे, "चाल, घाट पाहू."

बाजाराच्या दिवशी आमी दोघंच रिकामी गाडी घेऊन निंगालो. मागून दुसरा ट्रक, सरूमावशीचा माल भरून. घाटात गाडी अशी चढली का मले आपलीच वाटेना. धूर नाही, कण्हणं नाही. मिस्त्री केबिनमधी तळपाय फळीवर टेकवून बसला होता, पायानं ऐकून राह्यला होता बुवा. आमी हर्रासीच्या कितीतरी आधी पोचलो.

सरूमावशी मागून आली, पाह्यलं, आन भर बाजारात म्हणाली, "आला का आधी? मंग उतरव की माल! का हवाच आनली भरून?"

सारा बाजार हासला. मिस्त्री तिच्या तोंडाकडं पाहात होता, त्याले समजलं, तोबी हासला. त्याले हासताना म्या पहिल्यांदा पाह्यलं, आन तेबी माह्यावर.

म्या म्हटलं, "तुमी तिले सांगा ना, गाडी आता चांगली हाये म्हणून!"

म्हणे, "गाडी चांगली हाये, तिलेबी दिसते. तिले तुह्यावर भरवसा नाही. ते माह्याकडून दुरुस्त होत नाही."

त्या उन्हाळ्यात त्याची पोरगी त्याले नागपूरकडं घेऊन गेली. जाताना त्यानं काच मले देली. मी म्हटलं, मले काय करायची? तो तवर गाडीत चढला होता, पाठमोरा. तिकडंच वारला. मले समजलं तवा दोन महिने होऊन गेले होते.

भाजी गेली, मी गाडीत इटा वाहात राह्यलो. दोन वर्सानं मॅनिफोल्डले पुन्हा चीर गेली. आता कोनाकडं जाऊ? भंगारातून एक आणलं, काचेवर शेंदूर फासला आन घासाले बसलो. पहिल्या दिवशी बोटं सोलली. दुसऱ्या दिवशी म्या मिस्त्रीले मनभर शिव्या देल्या. सरूमावशी वाटेनं चालली होती. थांबली.

"काय करून राह्यला?"

"घासून राह्यलो."

चौथ्या दिवशी परत जाताना पाह्यलं. "अजून?"

"एक ठिपका राह्यला."

"बरा हायेस ना बे?"

पाचव्या दिवशी गाडी चालू केली, तं दारात भाजीच्या पाट्या घेऊन बाया उभ्या. पुढं सरूमावशी. म्हणे, "मिस्त्री असता तं तुह्याबद्दल त्याले इचारलं असतं. आता कोनाले इचारू? चढवा वं."

मी पाट्या वर घ्याले धावलो. तिनं मले थांबवलं, सांबाराची एक जुडी काढली आन माह्या नाकाले घट्ट दाबली.

"वास घेऊन ठेव. अकोल्याले उतरवताना हाच पायजे."