आतला स्क्रू

शालिकराम मिस्त्री अडलेल्या पुलीला आधी हात लावत नसे. बिडी पेटवून इंजिनासमोर उकिडवा बसे आणि नुसता बघत राही. "काहून अडून राह्यली थे आंधी पाहा," म्हणायचा, "मंग पाना धर." दिग्रसला आम्ही दोघे एकाच गॅरेजात कामाला होतो. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

एकदा तो जेवायला गेला असताना मालकाने एका जुन्या ट्रॅक्टरची पुली घाईने हातोड्याने ठोकली. कड तुटून पडली, शाफ्टही वाकला. गिऱ्हाईक आल्यावर मालकाने सरळ शालिकरामकडे बोट दाखवले आणि दारू पिऊन काम करतो म्हणून चार माणसांत त्याला हाकलले. त्याने आयुष्यात दारू चाखलेली नव्हती. त्यानंतर किती तरी दिवस त्याला कुणी साधी मोटरसुद्धा दुरुस्तीला दिली नाही.

बारा वर्षांनी, ऐन पेरणीत, मालकाच्या स्वतःच्या ट्रॅक्टरचे पुलीमागचे सील गेले. ऑइल गळू लागले आणि पुली काही केल्या निघेना. मी अजून त्याच्याकडेच कामाला होतो. शेवटी मी आणि मालक तो ट्रॅक्टर घेऊन शालिकरामच्या दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. आता मालकाची जिरणार म्हणून मी मनातून खूश होतो.

शालिकरामने बिडी संपवली. वरचा स्क्रू काढला, त्याच भोकात खाली दडलेला दुसरा काढला, आणि पुलर लावून पुली अलगद ओढून घेतली. ती मालकापुढे ठेवून तो हात पुसत बसला.

"थ्या दिवशी कोनं फोडली होती?"

"जुनं कायले उकरून राह्यला?"

"मंग न्या असंच ट्रॅक्टर."

भोवती पाच-सात शेतकरी उभे होते. मालक खाली बघत म्हणाला, "म्याच फोडली."

"जोरानं."

असे त्याने तीनदा वदवून घेतले. मला हसू आवरेना. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"अन् तू कुठी होता, गजानन?"

"तिथंच होतो. पाहून राह्यलो होतो."

"यायले आपली अब्रू वाचवाची होती. तुले काय वाचवाचं होतं?"

त्याने सील बसवले, पुली चढवली, मालकाला चहाही पाजला. माझ्याशी मात्र त्यानंतर एक शब्द बोलला नाही. गेल्या वर्षी यवतमाळच्या दवाखान्यात तो अखेरचे दिवस मोजत होता तेव्हा मी गेलो, पायाला हात लावायला वाकलो. त्याने पाय ओढून घेतले.