मिजाज विचारला की

हैदराबाद राज्याची वाटणी झाली त्या वर्षी काचीगुड्यातल्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. अंगात शेरवानी, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. त्यांचं सरकारी दफ्तर औरंगाबादला हलणार होतं, त्यामुळे या जुन्या डॉक्टरसाहेबांकडे ही शेवटचीच खेप. आत काय सांगायचं याची त्यांनी माझ्यासमोर तालीमच केली. "जिना चढलो की इथं आवळल्यासारखं होतं. डावा हात जड पडतो." सांगताना तळहात छातीवर दाबून धरलेला.

नंबर लागला. दार उघडंच होतं. डॉक्टरसाहेबांनी अदबीनं हालहवाल विचारला, "मिजाज कैसे हैं?"

छातीवरचा हात सलामासाठी कपाळाकडे गेला. "आप की दुआ है, साहब. सब खैरियत."

ताकदीच्या औषधाची बाटली घेऊन ते बाहेर आले. मी चिडलोच. "अहो, दुखणं सांगितलंत कुठं?"

"इतक्या मायेनं विचारलं त्यांनी," ते ओशाळून म्हणाले, "तोंडावर दुखतंय म्हणून कसं सांगावं?"

मी त्यांचा दंड धरून त्यांना परत आत नेलं आणि जिन्याचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "अब मिजाज नहीं पूछता मैं. हाथ रखके बताओ, कहां दुखता?"

तेव्हा कुठं त्यांनी शेरवानीची वरची गुंडी सोडली.

आजही डॉक्टरांनी "कसे आहात?" विचारलं की मी आधी दुखऱ्या जागेवर हात ठेवतो. नमस्कार मागाहून.