न बसवलेला थर्मोस्टॅट

बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि गाडीच्या मालकाचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच म्हणायचं, "काढा तो थर्मोस्टॅट." मिस्त्रींच्या निदानाला एवढाच वेळ लागायचा. तुमच्याही गावात असे एक मिस्त्री असतील, गाडी तापते म्हटलं की आधी तो भाग उपटून फेकणारे. आमच्या धाराशिवच्या मिस्त्रींनी मात्र त्याचा धर्मच करून टाकला होता.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. इंजिन थंड असेपर्यंत ती बंद राहते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. कधीतरी ती बंदच अडकून बसते आणि मग इंजिन उकळतं. "थंड मुलखातल्या लोकांची चैन हाय ही, शेठ," मिस्त्री मला म्हणायचे. "आपल्यात उन्हाळ्यात डांबर वितळतंय. इथं इंजिन गरम ठेवायला आणखी यंत्र कशाला?" माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून. मी थर्मोस्टॅट विकायला मांडायचो आणि हे शेजारी बसून माझं गिऱ्हाईक फोडायचे.

तरी त्यांच्यावर चिडणं सोपं नव्हतं. ढोकीच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर वाफा टाकत रस्त्यात थांबला, की हा माणूस ताटावरून उठून पाण्याचा कॅन घेऊन जायचा. फार पूर्वी येडशीच्या चढावर त्यांच्या सख्ख्या भावाच्या ट्रकचं इंजिन या झडपेपायीच गेलं होतं. भाऊ नंतर धंद्यात पुन्हा उभा राहिला नाही. तेव्हापासून कुणी रस्त्यात अडकू नये, हा मिस्त्रींचा ध्यास. ध्यास चांगला होता, म्हणूनच त्यांना कुणी कधी टोकलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला पुण्याचं एक निवृत्त जोडपं आलं. डिझेलचं मोटरहोम होतं त्यांचं. गाडीतच ओटा, पलंग, फुलाफुलांचे पडदे. हिमाचलात बर्फ बघायला जायचं, पण त्याआधी तुळजापूरचं दर्शन घ्यायचं, असा बेत. दर्शन घेऊन निघाले आणि धाराशिवच्या अलीकडेच गाडी तापली. ओढून मिस्त्रींकडे आणली. थर्मोस्टॅट अडकला होता. साहेबांनी माझ्याकडून नवा घेतला आणि मिस्त्रींच्या हातात दिला.

बाई दम्याच्या. गॅरेजमधल्या मोडक्या खुर्चीत बसून हसत म्हणाल्या, "मिस्त्री, मला थंडी अजिबात सोसत नाही. डॉक्टरांनी अटच घातलीय, गाडीत ऊब हवी. तेवढा हीटर नीट चालू द्या हं." त्या गाडीचा हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावरच चालायचा.

"ताई, तुमी बिनघोर जावा," मिस्त्री म्हणाले. "नवा बसवलाय."

बसवला नव्हता. जुना काढला, नवा फडताळात टाकला आणि झाकण घट्ट आवळलं. ताईंची गाडी घाटात कुठं तापू नये, म्हणून. आम्हा कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईंनी जाताना मिस्त्रींना देवीचा प्रसाद दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

उन्हाळ्यात साहेब गाडी घेऊन परत आले. एकटेच. मी दुकानातून उठून गेलो.

"मिस्त्री, तो पार्ट बसवला होता का?"

खोटं बोलायला भरपूर जागा होती. मिस्त्री म्हणाले, "न्हाय साहेब."

"वर हिमाचलात इंजिन गरमच होईना. हीटरमधून गार वारा यायचा. बर्फानं रस्ता बंद झाला, आम्ही अडकून पडलो. तिला दवाखान्यात नेलं तोवर ती गेली होती." मग त्यांनी विचारलं, "का नाही बसवलात?"

"गाडी तापू नये म्हणून."

इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. साहेबांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. "ही मला डोळ्यांसमोर नको," म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

लोक समजूत घालायला आले. दमाच होता, काळजी घेऊनसुद्धा झालं असतं, वगैरे. मिस्त्री उठून आत जायचे. मला त्या समजूतवाल्यांचा राग यायचा, मिस्त्रींचाही यायचा, आणि ते जेवत नाहीत हे कळल्यावर मीच त्यांच्यासाठी डबा नेऊन ठेवायचो.

एके दिवशी त्यांनी चहाच्या स्टोव्हवर पातेलं चढवलं आणि तो नवा थर्मोस्टॅट त्यात सोडला. पाणी उकळू लागलं तशी झडप हळूच उघडली. बाहेर काढून गार पाण्यात टाकला, मिटली. पुन्हा उकळत्या पाण्यात घातला. "आपसूक उघडतंय की ओ, शेठ," ते म्हणाले. जन्मभर हजारो काढले, एक उघडताना बघितला नव्हता.

मग तो थर्मोस्टॅट गाडीत बसवला. वॉटर पंप, होस पाइप, रेडिएटरची सफाई, नवं कूलंट, सगळं केलं. आणि भर वैशाखात, दुपारी, काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू करून गाडीत बसले. मी दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. मिस्त्रींच्या अंगातून घामाच्या धारा लागलेल्या.

"बाहेर या मिस्त्री, मराल!"

"लई ऊब हाय," ते म्हणाले. "पार मागच्या पलंगापर्यंत येतीय."

गाडी ते स्वतः पुण्याला घेऊन गेले. साहेबांनी वॉचमनकरवी निरोप धाडला, किल्ली ठेवून जा. मिस्त्री एसटीनं परतले. गॅरेजला कुलूप घातलं आणि घरात बसून राहिले. पावसाळा संपता संपता गेले.

मी पुण्याला साहेबांना फोन लावला. का लावला, सांगता येत नाही. त्यांच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं, असं वाटलं असेल. मिस्त्री वारले, म्हणालो.

"साहेब, हीटर त्यांनी फार चांगला करून दिला होता," मी म्हणालो.

"गाडी मी भंगारात घातली," साहेब म्हणाले. "आत बसलोसुद्धा नाही."