वेलांटीची जागा

शनिवारी दुपारी पाऊण वाजता भिवापूरच्या मिरची गटातल्या इंदुताईंचा फोन आला तेव्हा वंदना पोळ्या लाटत होती. फोन तिच्या मुलीचा, दामिनीचा होता. तिनं तो स्पीकरवर टाकला होता आणि ती केस विंचरत होती, त्यामुळे स्वयंपाकघरापर्यंत सगळं ऐकू आलं.

"दामिनी बेटा, तुह्यं ते वेबसाइटचं पान उघडलं म्या. पण हे कोण्या भाषेत लिहून ठेवलं वं? माह्यं नाव कुठीच नाही. सारं एबीसीडी आहे."

"इंग्रजी दिसून राहिलं काय, ताई?"

"इंग्रजी असतं तं माह्या नातीनं वाचलं असतं. नात म्हणते का हे इंग्रजी बी नोहे."

मागोमाग इंदुताईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला. पानाच्या डोक्यावर मिरच्यांचं चित्र जागच्या जागी होतं. त्याखाली 'मिरची' या शब्दाऐवजी 'fejph' असं उमटलं होतं, आणि त्याखाली तसल्याच अक्षरांचा नुसता ढीग.

दामिनीनं लॅपटॉप उघडला. तिथं सगळं स्वच्छ मराठीत होतं. मग तेच पान स्वतःच्या फोनवर उघडलं. तिथंही ढीग. तिच्या हातातला कंगवा केसांतच राहिला.

वंदना पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि तिनं फोनमध्ये डोकावलं. घरात तिला एकटीलाच ते वाचता येत होतं. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ई म्हणजे म, जे म्हणजे र. मिरची. हे तिचंच टायपिंग होतं.

वंदना बीए झाल्यावर मराठी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाली होती आणि अठरा वर्षं कचेरीबाहेरच्या टेबलावर लोकांचे अर्ज न् प्रतिज्ञापत्रं टाइप करत होती. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरच्या जुन्या फॉन्टात कळा मशीनसारख्याच होत्या, म्हणून बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी पाठीनं साथ सोडली, तेव्हा ती घरी बसली. मागच्या आठवड्यात दामिनी भिवापूरच्या मिरची गटातल्या चौऱ्याऐंशी बायांच्या हातचे कागद घेऊन आली. कुणाचं शेत कुठं, मिरची कशी वाळवतात, बी कुठून आणतात, असं एकेकीनं आपल्या अक्षरात लिहून दिलेलं. दामिनीचा हात मराठीत चालत नव्हता. वंदनाच म्हणाली होती, "आण इकडं. चार दुपारीत करून देतो."

तो मजकूर पानात टाकल्यावर दामिनी तेव्हाच चमकली होती. "आई, हे काय आलं वं?"

"असंच दिसते ते. फॉन्ट लाव, मराठी होते."

दामिनीनं फॉन्टचं नाव लिहिलं आणि मराठी झालं. या लॅपटॉपवर झालं, कारण तो फॉन्ट या लॅपटॉपमध्ये होता. भिवापूरच्या बायांच्या फोनमध्ये तो कुठून असणार?

पोरीनं आईच्या अठरा वर्षांवर भरवसा ठेवला होता.

आणि आजचा दिवस साधा नव्हता. दामिनीकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, नुसती बीएससी होती. शहराच्या कडेला वाडीतल्या या दोन खोल्यांत, खाली ट्रक मागे घेताना वाजणाऱ्या शिट्ट्या ऐकत, ती फोनवरच्या फुकट धड्यांतून वेबसाइट बनवायला शिकली होती. सगळे धडे इंग्रजीत. जी पानं कळत नव्हती ती दामिनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायची, आणि वंदना दुपारी शब्दकोश घेऊन बसायची. त्यातून एक जाड वही तयार झाली होती. मार्जिन म्हणजे समास, बॉर्डर म्हणजे काठ, पॅडिंग म्हणजे अस्तर. दामिनी हसायची. पण मुलाखतीत मार्जिन आणि पॅडिंगमधला फरक विचारला, तेव्हा तिच्या तोंडून पटकन निघालं, "सर, अस्तर आतून असतं, समास बाहेरून." ऋषिकेश सर खो खो हसले आणि त्यांनी तिला तीन महिन्यांसाठी घेतलं. त्यांची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी, सहा माणसं. याआधी बाकी सगळ्यांनी पदवी पाहून कागद परत केला होता.

ते तीन महिने आज संपत होते. सर म्हणाले होते, "भिवापूरचं काम नीट झालं तर पक्कं. नाही तर सॉरी." दुपारी चार वाजता गटाच्या हॉलमध्ये सगळ्या बाया जमणार होत्या. एकेकीनं फोनवर आपलं नाव टाकून शोधायचं आणि आपलं पान पाहायचं, असा कार्यक्रम होता.

दामिनीनं सरांना फोन लावला.

"सर, गडबड झाली. मजकूर जुन्या फॉन्टात आहे. फोनवर वाचता येऊन नाही राहिला."

"दुसऱ्या फोनवर चेक नाही केलं?"

"नाही सर. माझी चूक."

वंदना पुढं सरकली. दामिनीनं तळहात दाखवून तिला थांबवलं.

"मॅडम, मी उमरेडच्या पुढे आलो. तिथं प्रोजेक्टर लागून राहिला. चार म्हणजे चार," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

"तुही चूक काहून सांगतली?" वंदना म्हणाली. "माही आहे."

"चेक कोणी करायचं होतं? टायपिस्टनं?"

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. तिनं गॅस बंद केला.

दहा मिनिटांत दामिनीनं एक पळवाट काढली. फॉन्टची फाइलच साइटवर चढवली. फोनवर मराठी दिसायला लागली. वंदनानं सुटकेचा श्वास सोडला. दामिनीनं शोधाच्या चौकोनात 'इंदू' लिहिलं. खाली आलं : काही सापडले नाही.

"दिसून तं राहिलं नं?" वंदना म्हणाली. "आजच्या दिवस भागव. मंग करजो सावकाश."

"आई, आतमध्ये अजून एबीसीडीच आहे. वरून फक्त मराठीचं पातळ नेसवलं. बाया आपलं नाव टाकतीन, आणि हॉलमध्ये सगळ्यांपुढं काय येईन? सापडले नाही. चौऱ्याऐंशी वेळा."

नव्यानं टाइप करायला दोन दिवस लागले असते. दामिनी इंटरनेटवर जुन्या फॉन्टातून नव्यात मजकूर बदलून देणारी फुकट साधनं शोधायला लागली. दोन उघडलीच नाहीत. तिसरं चाललं. तिनं पहिल्या दहा कागदांचा मजकूर त्यात टाकला आणि लॅपटॉप आईकडे वळवला.

वंदनानं वाचलं. 'मिरची'तला म मोकळा पडला होता, आणि त्याच्या आधी ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला वेलांटी लटकत होती. 'पार्वती'चं 'पावर्ती' झालं होतं, 'वर्षा'चं 'वषार्'.

"वेलांटी न् रफार," वंदना म्हणाली. "मशीनवर वेलांटी पहिले मारायची, मंग अक्षर. आणि रफार सगळ्यात शेवटी."

दामिनी तिच्याकडे पाहत राहिली. "आणि नव्या पद्धतीत अक्षर पहिले. म्हणजे वेलांटीले एक घर पुढं सरकवायचं, रफाराले मागं. हे मी स्वतः लिहू शकतो, आई. फक्त कोणती कळ म्हणजे कोणतं अक्षर ते सांग."

घड्याळात पावणेदोन झाले होते.

नेटवर एक तक्ता मिळाला, पण तो थोड्या वेगळ्या फॉन्टाचा निघाला. निम्मीअधिक अक्षरं जुळली, उरलेली अडली.

"ष कोणत्या कळीवर?"

वंदनाला सांगता येईना. अठरा वर्षं रोज मारलेली कळ, आणि तोंडात नाव नाही. "थांब," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि 'वर्षा' टाइप केलं. लाकडावर बोटं वाजली. उजवी करंगळी जिथं पडली तिथं ती थांबली.

"एंटरच्या बाजूची. शिफ्ट दाबून. पण तो अर्धा ष आहे. पुढं काना मारला का पूर्ण होते."

"आणि ज्ञ?"

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा बोटं. असं एकेक अक्षर बोटांतून उतरवत दोघी अडीचपर्यंत आल्या. दामिनी लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. मध्येच तिचं आईवर डाफरणंही झालं, "हळू नं वं, मशीन नाही मी!" आणि वंदना एकेक कळ सावकाश सांगायला लागली.

तीन वाजता पहिल्यांदा चालवून पाहिलं. मिरची बरोबर. पार्वती बरोबर. वर्षा बरोबर. दामिनीनं टाळी वाजवायला हात उचलले.

"अश्विनी पाह्य," वंदना म्हणाली.

अश्विनीतली वेलांटी अर्ध्या श ला चिकटली होती आणि व एकटा पडला होता.

"एक घर नाही सरकवायचं. आख्खं जोडाक्षर ओलांडायचं. वेलांटी मधात नाही घुसत."

दामिनीनं ओठ चावला. समोरचं अक्षर अर्धं असेल तोवर पुढं जात राहायचं, असं तिला लिहायचं होतं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा साधन अडकून बसलं. दुसऱ्यांदा सगळ्याच वेलांट्या ओळीच्या शेवटी गेल्या. तीन वीसला अश्विनी जुळली.

मग चौऱ्याऐंशी कागद एका दमात बदलले, आणि वंदना पडद्यावर बोट ठेवून वाचत सुटली. तीन अठ्ठेचाळीसला दामिनीनं जुना फॉन्ट काढून टाकून साइटवर सगळं चढवलं आणि फोनवर पाहिलं. अजूनही एबीसीडीच.

"चढलं नाही काय?"

"चढलं आहे! जुनंच दाखवून राहिलं!" दामिनीचा आवाज फुटला. तीन महिन्यांत वंदनानं तो असा ऐकला नव्हता. तिनं वही ओढली. हे आपण कुठंतरी लिहिलं होतं. ती भराभर पानं उलटत गेली. सापडलं. तिच्याच अक्षरात : 'ब्राउझर एकदा आणलेली वस्तू आलमारीत ठेवतो. फाइलचं नाव बदललं तरच नवी आणतो.'

दामिनीनं वाचलं, मजकुराच्या फाइलच्या नावापुढं दोनचा आकडा लावला. पान उघडलं. मराठी. 'इंदू' लिहिलं. इंदुताई आल्या, हिरवं पातळ, मागं वाळत घातलेल्या मिरच्या.

चार वाजले. चार सहा झाले. फोन वाजत नव्हता. दोघींपैकी कुणीही जेवलं नव्हतं आणि दोघींनाही त्याची आठवण नव्हती.

चार बाराला इंदुताईंचा फोन आला. मागं हॉलमधला कलकलाट.

"आलं वं, आलं! साऱ्याइचं येऊन राहिलं. पण एक गोष्ट आहे. आमच्या पारबताबाईचं नाही येऊन राहिलं. मोठ्या पडद्यावर टाकलं, सगळ्याइच्या समोर. सापडले नाही म्हणते. बुढी खाली बसून गेली. म्हणते, माह्या एकटीचंच काहून काढलं?"

"सर आहेत काय तिथं?" दामिनीनं विचारलं.

"हे काय, बाजूलेच उभे आहेत. फोन मोठा करून ठेवला म्या."

दामिनी यादीवरून बोट फिरवत होती. पारबता नव्हती. वंदना मात्र उठून कागदांच्या गठ्ठ्याकडे गेली. वरून सहावा कागद. थरथरत्या, मोठ्या अक्षरात लिहिलेलं : पारबता. आणि तिनं टाइप केलं होतं पार्वती. कचेरीबाहेर बसून लागलेली सवय. अर्जात नाव शुद्ध असलं पाहिजे, नाही तर साहेब परत करतात. बाईनं आपलं नाव बरोबर लिहिलं होतं आणि टायपिस्टनं ते दुरुस्त केलं होतं. ज्या रफारासाठी दुपारभर झटापट केली, तो त्या नावात कधी नव्हताच.

दामिनीनं कागद पाहिला, आईकडे पाहिलं, आणि फोनकडे तोंड नेलं. "ताई, माझी चू..."

वंदनानं फोन उचलला.

"इंदुताई, मी दामिनीची आई बोलतो. तो सारा मजकूर माह्या हातचा आहे. पारबताबाईचं नाव म्या बदलवलं. मले वाटलं, बाई चुकली. आणि तो जुना फॉन्टही माहाच. पोरीची चूक एवढीच का तिनं आईवर भरवसा ठेवला. पारबताबाईले सांगा, दोन मिनिटांत नाव येते. माहं चुकलं."

मग ऋषिकेश सरांचा आवाज. "काकू, ते फॉन्ट बदलणारं साधन कुठून आणलं? आम्ही मागे दोन पाहिली होती. दोन्हीत रफार बिघडत होता."

"ते दामिनीनं बनवलं. दुपारी."

"आणि कळांचा तक्ता?"

दामिनी म्हणाली, "आईच्या बोटांत होता, सर."

"हं," सर म्हणाले. "मॅडम, दुसऱ्या फोनवर चेक न करणं ही चूक तुमचीच आहे. ती आईवर टाकू नका. सोमवारी दहाला या, पक्कं करण्याचे कागद तयार ठेवतो. ते साधनही आणा. दोन जुन्या मासिकांचं काम याच फॉन्टापायी अडलं आहे. आता आधी पारबताबाईंचं करा, त्या अजून खालीच बसल्या आहेत."

दामिनीनं लॅपटॉप आईपुढं सरकवला. "तूच लिही. नव्या कळफलकानं."

वंदना अडखळत, एकेक कळ शोधत लिहायला लागली. पा. र. ब. ता. त्यापुढं गावाचं नाव. सवयीनं आधी वेलांटी मारली. पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटलं, अक्षराची वाट पाहत.

"अक्षर पहिले, आई."

तिनं ते पुसलं. भ लिहिला, मग वेलांटी मारली, आणि वेलांटी आपली आपण उडी मारून भ च्या अलीकडे जाऊन बसली. भिवापूर.

दामिनीनं ते लगेच साइटवर चढवलं. फोन अजून चालूच होता. पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "हौ, हे मी."