गावातला स्लॅब आणि माझा फंड

हुमनाबादच्या स्टँडवर पुण्याची बस लागली तेव्हा अप्पा माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी बोलले. "जावईबापू, पर्मनंट म्हंजे किती दिसाचं असतंय?"

नवऱ्याने ट्रंक बसच्या टपावर चढवली. हुमनाबादच्या एका कारखान्यात तो पर्मनंट होता आणि त्या एका शब्दावर आमचं लग्न जमलं होतं. शेत आहे का, घर कसं, हे माझ्या वडिलांनी, अप्पांनी, नंतर विचारलं. मग बाजारात बाहेरचा स्वस्त माल आला, कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि गेटला कुलूप लागलं. हिशेबात मिळालेला प्रॉव्हिडंट फंड वर्षाच्या आत संपला. वाईट कामाला गेला नाही. नणंदेचं लग्न झालं, बोअर घेतली. बोअरला पाणी लागलं नाही.

आई रडत होती. मी रडले नाही. कडेवर पोरगी होती, पायाशी पिठाची पिशवी होती, आणि मला खिडकीची जागा पकडायची होती.

भोसरीत पत्र्याची खोली मिळाली. नवरा एका वर्कशॉपात लागला, मी गाड्यांचं वायरिंग जोडणाऱ्या कंपनीत. काही महिन्यांनी सुपरवायझर म्हणाला, "ताई, उद्यापासून तुम्हाला ब्रेक." मला वाटलं, काम चांगलं झालं म्हणून चहाला जास्त वेळ मिळणार. दुसऱ्या दिवशी मी डब्यात सगळ्यांपुरती भजी घेऊन गेले. वॉचमनने गेटवरच अडवलं. "ब्रेकवाल्यांनी आत यायचं नसतं, ताई." भजी त्यालाच दिली आणि परत आले.

आता हसू येतं. बाई पर्मनंट होऊ नये म्हणून ठेकेदार तिला मधूनच काढतो आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घेतो, याला पुण्यात ब्रेक म्हणतात. गाडीचा ब्रेक दाबला की गाडी थांबते. इथे गाडी चालूच असते, आपल्यालाच खाली उतरवतात.

ब्रेक मिळाला की आमच्यातल्या बायका फंड उचलायच्या. तुम्ही गावाकडचे विचाराल, त्यात काय चुकलं? पैसा त्यांचाच होता. मीही असंच म्हणत होते. एकदा फंडाच्या ऑफिसात सरळ विचारलं, नाही उचलला तर काय होतं? तिथला माणूस म्हणाला, "नोकरी जोडत गेलात तर दहा वर्षांनी पेन्शनचा हक्क लागतो. उचललात की पुन्हा शून्यापासून." त्या दिवसापासून ठेकेदार बदलला की मी जुना फंड नव्यात जोडून घेत गेले. चकरा माराव्या लागल्या. मारल्या.

अप्पांचा भरवसा पोस्टावर होता. "पोस्टात ठेव बाई, बघता बघता दुप्पट व्हतंय." त्यांच्या काळात होतही होतं. पुढे व्याज उतरत गेलं, दुपटीची मुदत लांबत गेली, डाळीचा भाव मात्र कुणासाठी थांबला नाही. शेवटी अप्पाच म्हणायला लागले, "पोस्ट बी आता म्हातारं झालंय."

मग अमेरिकेत बँका बुडाल्या. तिथल्या लोकांनी घरांचे हप्ते थकवले म्हणे, आणि भोसरीत मंठाळच्या सुनेला, म्हणजे मला, ब्रेक मिळाला. गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या होत्या. या वेळी परत बोलावणं लवकर येईना. कंपनीत माझ्या लाइनीतल्या झाडून सगळ्या बायकांनी फंड उचलला. मी नाही उचलला. ही बातमी माझ्याआधी गावी पोचली.

दिवाळीला सासरी मंठाळला गेलो तर सासूबाई, आम्ही त्यांना मामी म्हणतो, अंगणातच सुरू झाल्या. "समद्यांचे स्लॅब पडले. आपल्यावरच पत्रे कामून? पुन्यात ऱ्हाऊन काय करायलाव तुमी?"

आमच्याकडे पुण्याला गेलेल्याने गावात स्लॅब टाकायचा, ही रीतच आहे. स्लॅब पडला की त्याने कमावलं, असं लोक धरतात. मग त्या घराला कुलूप लावून तो परत पुण्याच्या पत्र्याखाली राहायला जातो. आमच्या गल्लीत अशी कुलपं ओळीने आहेत. त्या स्लॅबांवर मिरच्या चांगल्या वाळतात.

मी म्हटलं, "मामी, स्लॅब म्हातारपणी भाकर देत न्हाई."

"भाकर द्यायला ल्योक असतोय."

"मला पोरगी हाय. आन् ल्योक असता तरी त्याला बी ब्रेक देनाराच कुनीतरी भेटला असता."

मामींनी नवऱ्याकडे बघितलं. "ही काय बोलायलीय, ऐकायलास का न्हाई?"

नवरा म्हणाला, "तिचा फंड हाय, तिलाच इचार. माझा तर समद्यांनी खाल्लाय." इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं हे वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं.

मामी माझ्याशी बोलायच्या थांबल्या. जावा तोंडापुरत्या बोलत. काम परत मिळेपर्यंत मी शिलाई केली, धुणीभांडी केली, पण फंडाला हात लावला नाही. दहा वर्षं भरली तेव्हा पेढे वाटले, ते लाइनीतल्या बायकांना. आता वयाला अठ्ठावन्न पुरी व्हायची वाट बघायची. पेन्शन थोडीच असेल, आणि महागाई त्यातलंही खाईल, हे मला कळतं. तरी ती मागायला मी कुणाच्या उंबऱ्यावर उभी राहणार नाही. तुम्ही गाव सोडलेल्यांनो, तुम्हाला कुणी विचारलं, घर कुठं, तर कुलूप लावलेल्या खोलीचा पत्ता देऊ नका. हात न पसरता जिथे म्हातारं होता येईल, ते घर. मग ते मंठाळला असो की भोसरीत.

गेल्या वर्षी मामी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आल्या. डोळ्याची पट्टी सुटली तशी जीभही सुटली. "पिंचन पुन्यातच खाशील व्हय? मरायला तरी गावाला येशील का न्हाई?"

"मरायला कामून, मामी? जगायलाच येते. पत्र्याखाली."

"उन्हाळ्यात भाजून निघशील."

"निघू द्या की. पंखा माझ्या पैशाचा असंल."