पहिला घाणा

आईला मी पंढरपुरातून सोलापूरला आणलं ते जवळजवळ उचलूनच. बाबा गेल्यावर ती तिथं एकटी राहायची. एकदा न्हाणीत पाय घसरून पडली आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ताच नाही. त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही, तिचंही नाही. ती आली खरी, पण जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात तिची बॅग पलंगाखाली भरलेलीच राहिली. जेवायची चिमणीएवढं. आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की न चुकता म्हणायची, "उद्या मला एस्टीत बसवून दे गं. लेकीच्या घरी किती दिवस खायचं?"

"खातेस कुठं?" मी खेकसायचे. मला राग पटकन येतो. मग ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडायचे. ती वाळत चालली होती आणि मला भीती वाटत होती.

एके दिवशी ऑफिसातून येताना वडे आणले. तिनं पुडी उघडूनही पाहिली नाही. "गाड्यावरचं मी खात नाही. देवाला न दाखवताच विकायला बसतात मेले." माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं देवळातली सेवा. आधी नैवेद्य, मग माणसं, हे तिच्या अंगात मुरलेलं. पण गाडेवाले पहिल्या घाण्यातलं एक बाजूला काढतात, हे मी कॉलेजपासून पाहत आले होते. माझा पारा चढला. "चल, दाखवतेच तुला," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तिला स्कूटरवर मागं बसवलं.

लोक गर्दी झाल्यावर गाड्यांवर जातात, आम्ही शेगडी पेटायच्या वेळी जायचो. विजापूर रोडवरच्या वडेवाल्यानं पहिला वडा फोडून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला.

"कावळ्याला का?" आईनं विचारलं.

"व्हय की आजी. त्यो आल्याबिगर आमचं गिऱ्हाईक हलत न्हाय."

विजापूर वेशीत शीक-कबाबवाल्याच्या धुरापासून ती लांब, पदर नाकाला लावून उभी राहिली. पण त्यानं पहिली शीक रोटीत गुंडाळून बाजूला ठेवली, ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. "फकीर का है, अम्मा," तो तिथूनच म्हणाला. परत येताना पाठीमागून आवाज आला, "त्याचंही आधी दुसऱ्याला, मग विकायला."

होटगी रोडला एका इंजिनिअर पोरानं टेम्पो रंगवून उभा केलाय. त्याला फूड ट्रक म्हणायचं. तिथं पास्ता मिळतो. "पहिला कुणाला देतोस रे?" आईनं दरडावलं.

"मीच खातो, आजी. टेस्टिंग."

आईनं नाक मुरडलं. "खरं बोलला, तेवढंच."

असं आम्ही सोलापूर पालथं घातलं. इतकी वर्षं इथं राहूनही जे चौक मला फक्त रिक्षावाल्याला सांगण्यापुरते ठाऊक होते, ते तिच्यामुळं पाहिले. पण खाल्लं तिनं कुठंच नाही. संध्याकाळचं "उद्या बसवून दे" चालूच होतं.

तिला सगळ्यात आवडली ती पूर्व भागातली मिरची भजीवाली. बाई तेलुगू. गिऱ्हाइकांशी तेलुगूत, आमच्याशी मराठीत. पहिल्या घाण्यातलं एक भजं ती झाऱ्यानं उचलून थेट चुलीच्या जाळात टाकायची आणि हात जोडायची. आई तिथं स्टुलावर बसून हे बघायची. खाण्याचा आग्रह बाईनं दोनदा करून पाहिला, मग सोडून दिला.

एक दिवस आम्हाला पोचायला उशीर झाला. समोरचा टॉवेलचा कारखाना नुकताच सुटला होता आणि गाड्याला माणसांचा गराडा पडलेला. बाईनं घाणा काढला, घाईघाईनं कागदांवर वाटला आणि पुढची मिरची पिठात बुडवली.

"अगं बाई, पहिलं!" आई स्कूटरवरूनच ओरडली. "पहिलं राह्यलं!"

सगळे थबकले. बाईनं जीभ चावली. कढईत तर अजून काहीच नव्हतं. तेवढ्यात एका कामगारानं हातातला कागद आईपुढं धरला. "घ्या आजी. आजून उष्टं न्हाय केलेलं."

"तुमीच द्या की आज्जी आता," बाई म्हणाली. "माजे हात पिठाचे हायेत."

आईनं खाली उतरून भजं घेतलं, चुलीत टाकलं, डोळे मिटले. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर कागद तिच्यासमोर तसाच.

"परसाद घ्या की," कामगार म्हणाला.

आई माझ्याकडं बघायला लागली. प्रसादाला तिनं जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि इथं तर नैवेद्य तिच्याच हातचा. तिनं भजं उचललं आणि भर रस्त्यात, उभ्यानं खाल्लं. तिखटानं डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बाई हसायला लागली. आईनं नाक पुसलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला. मी नेहमीचं वाक्य ऐकायच्या तयारीनं दारात उभी राहिले.

"उद्या जरा लवकर निघू गं," ती म्हणाली. "कारखाना सुटायच्या आत. तिचं परत राहून जाईल."